नुसतं बोलून दारू सुटते का?

प्रश्न : मी पारोळ्याला राहते. माझे मिस्टर हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहेत. माणूस मनाने चांगला, पण दारू सुटत नाही. आधी श्रावण कडक पाळायचे आणि पोळ्याच्या रात्री पुन्हा सुरू व्हायचे. आता श्रावणही राहिला नाही, सकाळी उताऱ्याला थोडी लागतेच. दोनदा माळ घातली, दोन्ही वेळा उतरवून देवघरात ठेवली. जाहिरात वाचून ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशी पावडर मागवली आहे, पण भाजीत घालायला हात धजत नाही. पुण्याची नणंद म्हणते, तिकडे दारू सोडलेल्या लोकांच्या मीटिंगा असतात, तिथे घेऊन जा. अशी मीटिंग आमच्याकडे कुठे असते? फी किती? मिस्टर म्हणतात, ‘तिथे गेलो तर गावभर होईल.’ आणि मला स्वतःलाही कळत नाही, नुसतं बोलून दारू सुटते का? – एक भगिनी, पारोळा

उत्तर : ताई, आधी त्या पावडरीचं बोलू. हात धजला नाही ते फार बरं झालं. अशा पुड्यांमध्ये नक्की काय असतं हे पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, पण त्याचं काम भीतीवर चालतं. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. हृदय कमजोर असलेला माणूस यात दगावू शकतो. म्हणून डॉक्टर ते तपासण्या करून, माणसाला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीनेच देतात. ज्याला औषध घेतल्याचं ठाऊकच नाही तो दारू का टाळेल? तो नेहमीप्रमाणे पिणार, आणि रात्री अकराला तुम्ही रिक्षा शोधत दवाखान्याकडे पळणार. शिवाय कधीतरी ही गोष्ट कळतेच, आणि त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं जेवतानाही ताटाकडे संशयाने बघतो. पावडर टाकून द्या.

दुसरी गोष्ट मीटिंगच्याही आधीची. सकाळी उतारा लागतो असं तुम्ही लिहिलं आहे. याचा अर्थ शरीराला दारूची सवय जडली आहे, आणि अशी दारू एकदम तोडणं धोक्याचं असतं. घरच्यांना वाटतं, चार दिवस खोलीत कोंडला की सुटेल. पण शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमाराला काहींना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, कुणी हाका मारतंय असं वाटतं, माणूस घरातल्यांनाही ओळखत नाही. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून अशा वेळी भगताकडे नेलेली माणसं खानदेशात काही कमी नाहीत. वास्तविक ही तातडीने दवाखान्यात न्यायची अवस्था आहे, उपचार न झाल्यास जिवावर बेतते. तेव्हा दारू थांबवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच. पारोळ्याच्या कुटीर रुग्णालयात सुरुवात करा, तिथून जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाकडे पाठवायला सांगा. आठवडाभराच्या गोळ्यांनी आणि बी-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी हा टप्पा बहुतेकांचा सुखरूप पार पडतो. गल्लीतल्या डॉक्टरकडे नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घरी आणू नका. बी-१ आधी न देता ग्लुकोज दिलं तर अशा रुग्णाच्या मेंदूला इजा होऊ शकते.

मग मीटिंग कशाला, असं तुम्ही विचाराल. दवाखाना शरीरातून दारू काढतो. पण आठव्या दिवशी माणूस घरी येतो. संध्याकाळचे सात वाजतात, दुकानाचं शटर खाली येतं, पाय आपोआप त्या रस्त्याला वळतात, आणि तिथे त्या वेळी डॉक्टर नसतो. मीटिंग आहे ती त्या सात वाजण्यासाठी.

तुमची नणंद म्हणते ती संस्था बहुधा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. सगळे तिला ‘एए’ म्हणतात. ती कशी सुरू झाली ते थोडं विस्ताराने सांगतो, कारण ‘नुसतं बोलून सुटते का’ याचं अर्धं उत्तर त्या गोष्टीतच आहे. १९३५ सालचा मे महिना. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच अॅक्रन या गावी आला होता. दारूने त्याची कारकीर्द धुळीला मिळवली होती, आणि ती सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसलं. परक्या गावात, हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा येरझारा घालत होता आणि शेजारच्या बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. त्याच्या ध्यानात आलं, की आता आपल्याला वाचवायचं तर दुसरा एखादा दारुड्या गाठून त्याच्याशी बोलायला हवं. उपदेश ऐकवणारा नको होता, आपल्यासारखाच फसलेला हवा होता. त्याने गावातल्या चर्चमध्ये फोन लावायला सुरुवात केली, आणि विचारत विचारत तो डॉ. बॉब स्मिथ नावाच्या सर्जनपर्यंत पोहोचला. डॉक्टर स्वतः अट्टल पिणारे. बायकोच्या आग्रहाखातर ते भेटायला तयार झाले, तेही ‘पंधरा मिनिटं, जास्त नाही’ या अटीवर. ती भेट सहा तासांच्या वर चालली.

डॉ. बॉब आयुष्यभर सल्ले ऐकत आले होते. या माणसाने सल्ला दिला नाही, स्वतःची कर्मकहाणी सांगितली. तरीही मधे एकदा डॉक्टर घसरलेच. एका परिषदेला गेले आणि पिऊन परतले. दोनतीन दिवसांनी त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. त्या सकाळी हात स्थिर राहावा म्हणून खुद्द बिलनेच त्यांना बिअरची एक बाटली दिली. म्हणजे एएच्या इतिहासातही उतारा आहेच! तो त्यांचा शेवटचा. १० जून १९३५ ही तारीख एएचा जन्मदिवस मानली जाते. पुढे हे दोघं इस्पितळात दाखल असलेल्या तिसऱ्या पिणाऱ्याकडे गेले, मग चौथ्याकडे. १९५७ साली हे काम मुंबईत पोहोचलं आणि आता महाराष्ट्रात मराठीतून चालणारे समूह आहेत. भारताचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे.

आता तुमच्या मिस्टरांना आत गेल्यावर काय दिसेल ते सांगतो. मीटिंगा दोन तऱ्हेच्या. ‘बंद’ मीटिंगला फक्त पिण्याचा त्रास असलेली माणसं बसतात, ‘खुल्या’ मीटिंगला घरचे, डॉक्टर, माझ्यासारखे चौकस लोकही बसू शकतात. जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या एका खुल्या मीटिंगला मी गेलो होतो. जागा म्हणजे शाळेचा वर्ग. चौथीच्या पोरांचे बाक, त्यामुळे पंचवीसेक धिप्पाड माणसं गुडघे बाहेर काढून तिरपी बसलेली. फळ्यावर सकाळचा सुविचार तसाच राहिलेला, त्यावरच दारूतून बाहेर पडण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांचं कापडी बॅनर टांगलेलं. टेबलावर पुस्तकं, चहाची किटली, पार्ले-जीचे पुडे आणि एक स्टीलचा डबा. जो उठतो तो आपलं पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, मी अल्कोहोलिक आहे. बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात. आडनाव, जात, धंदा, गाव कुणी विचारत नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजाऱ्याला पहिल्या घासाआधी आडनाव विचारणाऱ्या आपल्या मुलखात हे मला सगळ्यात नवलाचं वाटलं.

एकजण बाटली लपवण्याबद्दल बोलत होता. त्याची क्वार्टर ज्वारीच्या कोठीत असायची. एकदा पाहुणे आले, आईने भाकरीसाठी ज्वारी काढायला हात घातला तो बाटलीलाच लागला. मागून दुसरा म्हणाला, ‘मी कूलरच्या टाकीत ठेवायचो भाऊ, गारही राहायची.’ सगळा वर्ग हसला. बाटली लपवण्याच्या अशा गोष्टी प्रत्येक समूहात कुणी ना कुणी सांगतोच, म्हणून नावगाव सोडून इथे लिहायला हरकत नाही. घरी हाच विषय निघाला असता तर ताटं आपटली असती. इथे लोक हसले, आणि त्या हसण्यात कुणाची टिंगल नव्हती. पुढचा उठला तो मात्र हसण्यासारखं काही बोलला नाही. मुलीच्या साखरपुड्यात आपण कसे पडलो, ते त्याने सांगितलं आणि तो खाली बसला. कुणी सल्ला दिला नाही, ‘असं करायला नको होतं’ म्हटलं नाही. नियमच तसा असतो. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मधे तोंड घालायचं नाही. नवा आलेला एक तरुण तासभर मान खाली घालून बसला होता. त्याला बोलायचा आग्रह झाला नाही. चहाच्या वेळी दोघांनी त्याच्या हातात चिठ्ठीवर फोन नंबर दिले एवढंच.

फी नाही. नोंदणीचा फॉर्म नाही, आधारकार्ड नाही. शेवटी स्टीलचा डबा फिरतो, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यातून चहा आणि जागेचं भाडं भागतं. बाहेरच्यांची देणगी एए घेत नाही, सरकारचीही नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. ती सुटलेलीच असावी असंही नाही. (पिऊन आला तरी सहसा हाकलत नाहीत. मात्र त्या दिवशी त्याने बोलायचं नाही, ऐकायचं.)

तर नुसतं बोलून सुटते का? बोलण्यापेक्षा ऐकण्याचा वाटा मोठा आहे, असं माझं मत. पिणाऱ्या माणसाजवळ सबबींचा साठा असतो: टेन्शन आहे, अंग दुखतं, मित्राने आग्रह केला, कापसाला भाव मिळाला नाही, भाव मिळाला. या सबबी बायकोपुढे चालतात, डॉक्टरपुढेही चालतात. ज्यांनी त्याच सबबी वीस वर्षं वापरल्या त्यांच्यापुढे चालत नाहीत. दुसरं, मीटिंगची वेळ बहुधा संध्याकाळचीच असते, म्हणजे बारची. तिसरं, जुना सभासद नव्याचा हात धरतो, त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. तल्लफ आली की त्याला फोन करायचा. रात्री दहाला फोन केला म्हणून तो रागावत नाही, कारण त्या फोनमुळे त्याचीही दारू त्या दिवसापुरती दूर राहते. बिलने अॅक्रनच्या हॉटेलातून केला तोच हा फोन. आणि चौथं, बहुतेकांचं सगळं मित्रमंडळ पिणारंच असतं. दारू सोडली की माणूस एकटा पडतो आणि एकटेपणाने परत तिकडे जातो. समूहात त्याला न पिणारे दोस्त मिळतात. एए का लागू पडतं यावर ज्यांनी संशोधन केलं त्यांनाही सोबत बदलण्याचं हे कारण ठळकपणे आढळलं आहे.

माळेबद्दल एक शब्द. माळेने दारू सुटलेली माणसं तुमच्याआमच्या गावात आहेत, मी तिला नावं ठेवणार नाही. पण बारकाईने पाहा, माळ कुणाची टिकली? जो दर एकादशीला भजनात बसला, दिंडीत चालला, ज्याला रोज विचारणारे चार माळकरी भेटले, त्याची. ज्याने माळ घातली आणि संध्याकाळी जुन्याच कट्ट्यावर जाऊन बसला, त्याची देवघरात गेली. श्रावणाचंही तेच. महिनाभर सोडता येते याचा पिणाऱ्याला फार अभिमान असतो, पण पोळ्याची तारीख त्याने मनात आधीच धरलेली असते. एएवाले म्हणूनच जन्मभराची शपथ घेत नाहीत. ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात. उद्याचं उद्या.

यशाचं प्रमाण किती, हेही सांगायला हवं, नाहीतर मी जाहिरात केल्यासारखं होईल. वैद्यकातले पुरावे काटेकोर तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली एएबद्दलचे २७ अभ्यास एकत्र पाहिले. त्यांत १०,५६५ माणसं होती. ज्या रुग्णांना उपचारातूनच पद्धतशीरपणे एएशी जोडून दिलं, त्यांच्यापैकी ४२ टक्क्यांनी वर्ष सरताना दारू पूर्ण बंद ठेवलेली होती. इतर मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. फरक खरा आहे, पण शंभरातले अठ्ठावन्न तरीही वर्षात कधी ना कधी प्यालेच. तेव्हा तुमचे मिस्टर दोन महिन्यांनी घसरले तर ‘मीटिंगचा काही उपयोग नाही’ असं म्हणून वाट बंद करू नका. घसरणीला तिथे ‘स्लिप’ म्हणतात आणि स्लिप झालेला पुढच्या मीटिंगला आला की त्याचं स्वागतच होतं.

आता ‘आमच्याकडे कुठे?’ समूहांचे वार, वेळा, जागा बदलत असतात, म्हणून छापील पत्त्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा ताजी माहिती काढलेली बरी. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. १४४१६ ही टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेची, तिथे मराठीत आणि रात्रीबेरात्रीही बोलता येतं. एएच्या मुंबई कार्यालयाकडे आणि त्यांच्या संकेतस्थळावर गावोगावच्या समूहांची यादी असते. जळगाव-धुळ्याच्या सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा, त्यांना बहुधा स्थानिक समूहाचे लोक ओळखतात. पारोळ्याहून अमळनेर वीसेक किलोमीटर, धुळं पस्तीसेक, जळगाव पन्नासच्या पुढे. आठवड्यातून एकदा एसटीने जाण्यासारखी ही अंतरं आहेत. ज्या दिवशी जाणं जमणार नाही त्या दिवशी मोबाईलवरच्या मीटिंगा असतात. करोनाच्या काळात त्या वाढल्या आणि पुढेही राहिल्या. नवख्याने मात्र पहिल्या काही वेळा प्रत्यक्ष जावं. पडद्यावर चहाची किटली नसते.

पुण्याची नणंद आहेच, तर तिथलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्रही लक्षात ठेवा. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर लेखक अनिल अवचटांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट यांनी हे केंद्र सुरू केलं. तिथे दाखल करून पस्तीस दिवसांचा उपचार असतो. त्यानंतरचा पाठपुरावाही असतो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे.

केंद्राचं नाव निघालं म्हणून इशारा. ‘फक्त फोन करा, आम्ही गाडी घेऊन येतो आणि घरातून उचलून नेतो’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून दूर राहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक विकारही धरलेले आहेत. त्यामुळे असे रुग्ण दाखल करून घेणाऱ्या केंद्राची नोंदणी लागते. नोंदणीचा कागद बघायला मागा, डॉक्टर रोज येतो का विचारा, आठवड्याला भेटू देतात का विचारा. मारझोड, साखळ्या, कोंडून ठेवणं हा उपचार नव्हे. एएचं असं कोणतंही केंद्र नसतं आणि ते कुणाला उचलून नेत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

‘गावभर होईल’ ही मिस्टरांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पारोळ्यासारख्या गावात किल्ल्यापासून बालाजीच्या मंदिरापर्यंत चालत गेलं तर दहा जण ‘काय भाऊ, कुठे?’ विचारतात. पण ताई, ते पितात हे त्या दहाही जणांना ठाऊक आहे. रात्री ते कसे घरी येतात हे अख्ख्या गल्लीने पाहिलं आहे. गावाला नवीन काही कळलंच तर ते सोडायचा प्रयत्न करताहेत एवढंच कळेल. तरीही संकोच असेल तर पहिले काही महिने धुळ्याला किंवा अमळनेरला जावं, तिथे ओळखीचं कोण असणार? आणि समजा दारात ओळखीचा कुणी भेटलाच, तर तोही त्याच कामाला आलेला असेल. तिथे कोण दिसला आणि काय बोलला हे बाहेर न्यायचं नाही, हा संस्थेच्या नावातलाच नियम आहे; ‘अॅनॉनिमस’ म्हणजे अनामिक.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रात तो आहे. मिस्टर आलेच नाहीत तर? तर तुम्ही जा. घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाची वेगळी संघटना आहे. बिल विल्सनची पत्नी लोइस हिनेच ती १९५१ साली उभी केली. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे शिकवत नाहीत. दुकानात ‘त्यांना ताप आहे’ असा खोटा फोन न करणं, बारवाल्याची उधारी आपल्या मंगळसूत्रातून न फेडणं, रात्री प्यालेल्या अवस्थेत वाद न घालता सकाळी शांतपणे बोलणं, हे शिकायला मिळतं. बायकोने पांघरूण घालणं थांबवलं की पिणाऱ्याला पहिल्यांदा थंडी वाजते. जेठाला किंवा सासूला हे आधी पटणार नाही, ‘बाई नवऱ्याला सोडून मीटिंगा करत फिरते’ म्हणतील. म्हणू द्या. मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट बघू नका, महिलांसाठीचा १८१ हा नंबर किंवा ११२ फिरवा.

प्रश्न : एएच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो असं ऐकलं. मी देव मानत नाही. मला जाता येईल का? – एक शिक्षक, अमळनेर

उत्तर : तत्त्वज्ञान मंदिराच्या गावातून हा प्रश्न यावा हे साजेसंच आहे. उल्लेख येतो हे खरं, आणि काही समूहांत प्रार्थनाही होते. पण मजकुरातच ‘आपल्याला जसा समजला तसा ईश्वर’ अशी सूट ठेवली आहे आणि नास्तिक सभासद जगभर आहेत. त्यांच्यातले पुष्कळ जण समूहालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानून चालतात. तरीही मन रमलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशनाचा रस्ता तितकाच सरळ आहे. देव मानायचा की नाही हा वाद पाच वर्षांनीही घालता येईल, यकृत तेवढं थांबत नाही.

प्रश्न : आमच्या गावातलं दारूचं दुकानच बंद केलं तर या मीटिंगांची गरज काय? – एक तरुण, धुळे जिल्हा

उत्तर : बाटली आडवी करण्यासाठी बायकांनी दिलेल्या लढ्याबद्दल मला आदरच आहे, आणि नवी पोरं दारूकडे वळू नयेत म्हणून दुकान बंद होणं उपयोगाचं आहे. पण ज्याला सकाळी उतारा लागतो तो शेजारच्या गावी जातो, नाहीतर हातभट्टीची पितो. २०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या तज्ज्ञांकडून केलेलं देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. दारूवर शरीराने अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचं त्यात दिसलं. दुकान बंद झालं तरी उरलेल्या सदतीस जणांचा प्रश्न शिल्लक राहतोच.

जाता जाता एक विनंती. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत कुठेही दारूमुक्तीचा समूह चालत असेल, मग तो एएचा असो, एखाद्या केंद्राच्या पाठपुराव्याचा असो की पत्नींचा, तर चालवणाऱ्यांनी आम्हाला गाव, जागा, वार आणि वेळ कळवावी. एएच्या लोकांनी संकोच करू नये. तुमचा नियम सभासदाचं नाव छापू नये असा आहे, मीटिंगची वेळ छापू नये असा नाही. माहिती आली की याच पानावर चौकटीत देऊ. कळवणाऱ्याचं नाव लागणार नाही.